दोनशे चाळीस चौकोन

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या दादाचा पाय जेवतानाही हलत असतो. स्वस्थ बसणं त्याला माहीतच नाही. पण नऊ वर्षांत घराचा एक हप्ता चुकवला नाही पठ्ठ्याने. तापात फणफणत कामाला गेला, पण हप्ता वेळेवर गेला. कपाटाच्या दाराला आतून त्याने पेनाने दोनशे चाळीस चौकोन आखलेत, वीस वर्षांचे महिने. हप्ता कटला की एक चौकोन काळा करायचा. एकशे आठ झाले होते.

व्याजदर वाढले की शेजारी बोंबलायचे. हा छाती काढून सांगायचा, "आपला हप्ता दमडीने वाढला नाही!" बँकेची पाकिटं यायची, ती तशीच ड्रॉवरमध्ये. हप्ता तोच आहे ना, मग वाचायचं काय?

त्यात धाकट्या बहिणीने शिवणकामासाठी गाळा बघितला, बयाणाही देऊन बसली. बाकीचे पैसे सोमवारपर्यंत भरले नाहीत तर गाळा पण जाणार आणि बयाणा पण.

"टेन्शन घेऊ नको," दादा म्हणाला. "घरावर आणखी कर्ज काढतो. निम्मं घर फेडलंय मी, नुसतं बघत बसायचं का त्याच्याकडे?"

शुक्रवारी हाफ डे टाकून बँकेत गेला. मॅडमनी त्याचं खातं उघडलं.

"मिळेल की. घराची किंमत वाढलीय तुमच्या."

"आणि अकरा वर्षं राहिलीत ना?"

"अठरा."

"मॅडम, दुसऱ्या कोणाचं उघडलंय तुम्ही."

मॅडमनी स्क्रीनच त्याच्याकडे फिरवली. नाव त्याचंच होतं. "दर वाढला की आम्ही हप्ता तोच ठेवतो, वर्षं वाढवतो. दर वेळी पत्र पाठवलंय."

"मग नऊ वर्षं भरलं ते?"

"व्याजात गेलं जास्त. मुद्दलाचा फक्त सातवा हिस्सा फिटलाय. नवीन कर्ज घेतलंत तर अजून सहा वर्षं धरा. नाहीतर हप्ता तिसऱ्या हिश्श्याने वाढवा, अकरा वर्षांतच संपेल."

हा चव्वेचाळीसचा. बोटांवर वर अठरा आणि सहा मोजली, अडुसष्ट आले. परत मोजलं, तरी अडुसष्टच.

घरी आला तर बायकोने फोनवर ऐकूनच ड्रॉवर रिकामा केलेला. पाकिटं फोडत बसली होती.

"लिफ्टमध्ये जरा 'कट्' वाजलं तरी शाफ्टमध्ये उतरतोस. आणि हे सात वेळा वाजलं घरात!"

"मला वाटलं जाहिराती असतील."

"तुझ्या नावाने? शिक्का मारून?"

मॅडमनी लिहून दिलेले नव्या कर्जाचे आणि वाढीव हप्त्याचे दोन्ही आकडे खिशात. नवीन कर्ज घेतलं तर हप्ता वाढवणं जमत नव्हतं, हप्ता वाढवला तर बहिणीला द्यायला काही उरत नव्हतं. रात्रभर घरात येरझारा घातल्या. सकाळी बँक उघडायच्या आधीच दारात हजर. हप्ता वाढवायच्या फॉर्मवर सही केली आणि तिथूनच बहिणीकडे. फोनवर सांगायचं नव्हतं त्याला.

बहीण गळ्यात टेप घालून ब्लाउज कापत होती.

"मी नाही काढत कर्ज," तो दारातूनच म्हणाला आणि सगळं सांगितलं.

कात्री थांबली. "शब्द दिला होतास, दादा. त्याच्या भरवशावर मी पैसे देऊ म्हणणाऱ्या बाकीच्यांना नाही म्हणाले."

"माहितेय."

"तू काय माहितेय म्हणतोस! नऊ वर्षं ज्याला विचारून मी सगळं करते, त्याला स्वतःचं कर्ज माहीत नाही?"

तिने त्याच्यासमोरच गाळेमालकाला फोन लावला. "काका, गाळा नको. नाही, पैशांची सोय नाही झाली. भावाचं जमलं नाही." ते 'भावाचं' दादाला कानफटात बसल्यासारखं लागलं, पण तो हलला नाही. पळाला असता तर कुणी नावं ठेवली नसती.

"काय म्हणाला?"

"निम्मा बयाणा परत देतोय."

"उरलेला मी देतो. रविवारच्या ड्युट्या घेतल्यात, तीन महिन्यांत देतो."

ती कापडावर खडूने रेघ मारत राहिली. "तीन महिने म्हणजे तीनच हं. लिहून दे."

दादाने तिथेच तिच्या मापांच्या वहीत लिहिलं, खाली तारीख टाकली, सही केली. तिने वही ओढून घेतली, दोनदा वाचली आणि परत कात्री उचलली.