गुप्तेभावोजींची आखूड बंदूक

आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा गुप्तेभावोजींनी आमची नवीकोरी खुर्ची उलटी केली. मी चहा घेऊन बाहेर येतेय, तर हा गृहस्थ खुर्चीचे चारही पाय वर करून तिच्या पोटात डोकावतोय. जोड तपासून झाले, लाकडावर टिचकी मारून झाली. मग खुर्ची सरळ केली आणि तिच्यावर न बसताच मला म्हणाले, "छान आहे हो वहिनी. विकताना काय येईल?" ती खुर्ची आदल्याच आठवड्यात घरात आली होती. त्यांची बायको शैला मागे उभी राहून मला डोळ्यांनीच सांगत होती, मनावर घेऊ नकोस, हे असंच आहे.

हे लोक ठाण्याचे. जर्मनीतल्या वाल्डॉर्फजवळच्या ह्या गावात आम्ही राहायला आलो तेव्हा त्यांना इथे बारा-तेरा वर्षं झाली होती, आणि पुढच्या वर्षी ते कायमचे परत जाणार होते. आज आम्हाला इथे दहा वर्षं होतील. त्यातल्या प्रत्येक वर्षी ते पुढच्या वर्षी परत जाणार होते. त्यामुळे त्यांच्या घरातली प्रत्येक वस्तू परत जाताना विकायची म्हणून घेतलेली. टोस्टरपासून टीव्हीपर्यंत सगळ्यांचे मूळ खोके तळघरात, म्हणजे केलरमध्ये, शिस्तीत रचलेले. आणि दिवाणखान्यातल्या क्रीम रंगाच्या सोफ्यावर दुकानातलं प्लास्टिक तसंच. पाहुणा बसायला वाकला की भावोजी "थांबा, थांबा!" करत धावायचे आणि प्लास्टिकवर आणखी एक चादर घालायचे. "खोक्यासकट वस्तू ही वस्तू," ते म्हणायचे, "खोक्याशिवाय ती भंगार."

शैला माझी जिवाची मैत्रीण झाली. ती हसून सगळं साजरं करून घ्यायची, पण एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "मी घरात नाही गं राहत, गोदामात राहते. मला एकदा त्या सोफ्यावर प्लास्टिक न चिकटता बसायचंय. पाय वर घेऊन. बास, दुसरं काही नको." मी ते भावोजींच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "गेनाऊ! अगदी बरोबर! ठाण्याला गेल्यावर बसेल ना."

अशा माणसाच्या घरात बंदूक आली कशी? तर शेजारचे त्सिग्लर नावाचे निवृत्त गृहस्थ पट्टीचे शिकारी. एका रविवारी ते भावोजींना रानात घेऊन गेले आणि भावोजी भारावून परत आले. जर्मनीत शिकारीचा परवाना म्हणजे पोरखेळ नाही. वर्षभर वर्ग, कायदा, कुत्र्यांच्या जाती, जनावरांचे रोग, वर नेमबाजीची परीक्षा. पन्नाशी उलटलेल्या भावोजींनी बारावीच्या मुलासारखी घोकंपट्टी केली आणि पहिल्या फटक्यात पास झाले. "माझा वाढदिवस लक्षात राहत नाही ह्यांच्या," शैला म्हणाली, "आणि हरणाचं वय दात बघून सांगतात."

मग बंदुकीची खरेदी. इथले शिकारी संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात मचाणावर तासन् तास बसतात. त्यांना लागते लांब नळीची रायफल आणि तिच्यावर भलीमोठी दुर्बीण, उरलासुरला उजेड गोळा करणारी. त्सिग्लरनी तशीच घ्या म्हणून कानीकपाळी ओरडून सांगितलं. भावोजींनी आणली स्काउट रायफल. ही मुळात दिवसाउजेडी पायी रान तुडवणाऱ्या माणसासाठी केलेली: आखूड, हलकी, पटकन खांद्याला लागणारी, दुर्बीण इवलीशी आणि डोळ्यापासून लांब पुढे बसवलेली, म्हणजे दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. खरं सांगते, मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही, पण वस्तू देखणी होती. बघितल्यावर हातात घ्यावीशी वाटायची.

"पण अहो, त्सिग्लर नको म्हणत असताना हीच का?" शैलानं विचारलं.

"ठाण्यात वन बीएचके कधी रिकामा पडलेला पाहिलास?" भावोजी म्हणाले. "मोठा फ्लॅट अडकतो. लहान वस्तूला गिऱ्हाईक कायम असतं. ही आखूडशिंगी बहुदुधी गाय आहे. परत जाताना लोक रांग लावतील."

ठाण्याच्या फ्लॅटचा भाव जर्मन रानाला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्सिग्लरनी रायफल हातात घेतली, उलटसुलट केली आणि सभ्यपणे म्हणाले, "सुंदर. आफ्रिकेत उपयोगी पडेल."

भावोजी आणि त्सिग्लर ही जोडी मचाणावर गेली. सूर्य मावळल्यावर रानडुक्कर आलं. भावोजींच्या छोट्या दुर्बिणीत नुसता काळोख, त्यात काळं डुक्कर. भावोजी शोधत राहिले, त्सिग्लरनी एका गोळीत काम उरकलं आणि एक मांडी भेट म्हणून दिली. शैलानं खोबऱ्याचं वाटण लावून असं काही सुकं केलं की त्सिग्लर नाक पुसत पुसत तिसऱ्यांदा वाढून घेत होते. भावोजींना न झाडलेल्या गोळीचं दुःख अजिबात नव्हतं. "बरंच झालं," ते मला म्हणाले. "शिकारीला न वापरलेली असं जाहिरातीत लिहिता येईल." पुढेही ते रानात जायचे ते बंदुकीला हवा दाखवायला. एरवी ती केलरमधल्या लोखंडी कपाटात. त्या कपाटाचा नंबर कायद्यानं बायकोलाही सांगायचा नाही. "माझ्या दागिन्यांच्या कपाटात सगळं गाव हात घालतं," शैला म्हणायची, "आणि ह्यांच्या सवतीला मात्र जर्मन सरकारचा पहारा."

त्या वर्षीच्या दसऱ्याला मी त्यांच्याकडेच होते. दरवर्षी आपण लॅपटॉप आणि गाडीच्या किल्ल्या पूजतो. शैला म्हणाली, "अहो, घरात खरंखुरं शस्त्र असताना लॅपटॉपला काय फुलं वाहायची? आणा वर." भावोजींनी नळीमागचा बोल्ट काढून, आत गोळी नाही हे चारचारदा तपासून रायफल आणली आणि पाटावर ठेवली. शैलानं ओल्या हळदीत बोट बुडवलं. "फूल वाहा फक्त, लावू नकोस काही!" भावोजी ओरडले, तोवर तिनं दस्त्यावर बोट टेकवलंसुद्धा. चांगलं दाबून.

"झालं! गेली किंमत!" भावोजी कापूस घेऊन धावले. कापसानं पसरलं, लिंबानं लाकूड फिकटलं, आणि तेल लावल्यावर हळद अशी काही मुरली की विचारू नका. शैलाच्या बोटाचा पिवळा ठसा अक्रोडावर कायमचा बसला. ती मात्र शांतपणे आपट्याच्या पानांऐवजी बागेतली पानं वाटत होती. "हळद लागली आता तिला," ती म्हणाली. "म्हणजे ती घरची झाली. ह्या घरात एक तरी वस्तू घरची असू दे."

भावोजी दरवर्षी जाहिरात टाकायचे, भाव अजमावायला. माणूस प्रामाणिक, म्हणून त्यात लिहायचे, 'दस्त्यावर लहान पिवळा डाग, धार्मिक कारणाने.' कुणी फिरकलं नाही. एकानं फोन केला, तो धार्मिक कारण कोणतं एवढंच विचारायला.

मग शैला आजारी पडली. तिचं दुखणं लांबलं नाही. हिवाळा संपायच्या आत ती गेली, आणि अजूनही भाजी निवडायला बसले की माझा हात थांबतो. आमच्या सगळ्या थट्टेत तिची ती एक साधी इच्छा राहूनच गेली. ठाण्याला गेल्यावर प्लास्टिक काढू, असं भावोजी तिला शेवटपर्यंत सांगत होते.

त्यानंतर भावोजींनी खरोखरच परत जायचं ठरवलं. तिकीट काढलं, ठाण्याचा फ्लॅट रंगवून घेतला आणि घरातलं सामान विकायला काढलं. काय सांगू, त्यांचं सगळं आयुष्यभराचं गणित बरोबर निघालं! खोक्यांसकट एकेक वस्तू हातोहात गेली. सोफ्याची जाहिरात होती, 'न वापरलेला, मूळ प्लास्टिकसह.' त्याला आलेली किंमत मला अर्धीच सांगून भावोजी केलरमधून पुढचा खोका आणायला गेले.

उरली ती बंदूक. ती काही भारतात नेता येत नव्हती, विकल्याशिवाय सुटका नव्हती. निघायला पंधरवडा राहिला असताना एका बाईंचा फोन आला. मी डबा घेऊन गेले तेव्हा त्या आलेल्याच होत्या. वनखात्यात कामाला, सोबत मोठा शांत कुत्रा. गाडीला धडकलेलं किंवा गोळी चुकीची लागलेलं जनावर शोधायला त्या कुत्र्यामागून काटेरी झाडीत शिरायच्या. तिथे लांब नळी अडकते. त्यांना अशीच आखूड, हलकी रायफल हवी होती आणि ती कुठे मिळत नव्हती. परवाना त्यांनी आपणहून दाखवला. घासाघीस नाही. भावोजींनी सांगितलेली किंमत त्यांना मान्य. वन बीएचकेला शेवटी गिऱ्हाईक सापडलं होतं.

बाईंनी दस्त्यावरून अंगठा फिरवला. "हे मी पॉलिश कागदानं घासून टाकीन, निघेल सहज," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "पण हे पिवळं नेमकं काय आहे?"

"माझी बायको," भावोजी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. भावोजींनी रायफल त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली, माफी मागितली आणि ती घेऊन केलरचा जिना उतरले. लोखंडी दार बंद झाल्याचा आवाज आम्ही दोघींनी ऐकला. बाई कुत्र्याला घेऊन निघाल्या. जाताना दार मात्र त्यांनी अगदी अलगद ओढून घेतलं.

बंदूक जात नाही म्हटल्यावर भावोजीही गेले नाहीत. तिकीट रद्द झालं. परत जाण्याची इतकी वर्षं तयारी केलेला हा माणूस रिकाम्या घरात सतरंजीवर बसून वरणभात खात होता. म्हटलं, आता ह्यांचं व्हायचं कसं?

परवा गेले तर दिवाणखान्यात सोफा. कुणीतरी वापरून वापरून दमवलेला, हात मांजरानं ओरबाडलेले, मधली गादी खचलेली. भावोजी त्याच्यावर चक्क पाय वर घेऊन बसले होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "भावोजी, छान आहे हो. विकताना काय येईल?"

मी चादरीसाठी सवयीनं उभीच होते. त्यांनी शेजारची गादी हातानं थोपटली.

"वहिनी," ते म्हणाले, "बसा हो आधी."