माहितीदाता क्रमांक तीन

मी त्रेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी. करायला घेतली, ती ज्ञानाच्या ओढीनं नव्हे. आमच्या प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, मानांकनाची कमिटी येणार आहे आणि आपल्याकडे डॉक्टरेटवाले कमी पडतायत. तुम्ही रजिस्ट्रेशन तरी करून टाका."

"आणि पूर्ण नाही झाली तर?"

"ते पुढचं पुढे बघू. फॉर्ममध्ये 'चालू आहे' असं लिहिता येतं."

पनवेलच्या त्या मॅनेजमेंट कॉलेजात मी सतरा वर्षं माहिती प्रणाली हा विषय शिकवत होते. म्हणजे कंपनीतले संगणक, माणसं आणि रोजचं काम यांची सांगड कशी बसते, ते. खरं तर ती कशी बसत नाही हे सांगण्यासारखं जास्त होतं, पण अभ्यासक्रमात तसा मुद्दा नव्हता.

प्रवेश परीक्षेला शेजारच्या बाकावर माझाच एक जुना विद्यार्थी होता. "मॅडम, तुम्ही सुपरव्हिजनला का?" त्यानं आदरानं विचारलं. मी बॅगेतून हॉल तिकीट काढलं, तेव्हा तो इतका खूश झाला की पेपरभर माझ्याकडे बघून हसत होता. पुढं सहा महिने दर शनिवारी संशोधन पद्धतीचे वर्ग. मी मागच्या बाकावर बसायचे. ज्या बाकाकडे बघून सतरा वर्षं ओरडले, त्यावर स्वतः बसल्यावर कळलं की तिथे खरोखरच फार छान झोप लागते.

मग गाइड. गाइड आपण निवडतो असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात ज्याच्याकडे जागा रिकामी असेल तो आपल्या वाट्याला येतो. माझ्या वाट्याला आला तो माझाच आणखी एक जुना विद्यार्थी, ज्याला मी डेटाबेसच्या प्रॅक्टिकलला नापास केलं होतं. तो आता चष्मा लावत होता आणि दाराबाहेर त्याच्या नावाची पाटी होती. मी आत गेल्याबरोबर तो सवयीनं उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की उभं मी राहायचं आहे. पण आता खाली बसणंही बरं दिसेना, म्हणून आम्ही दोघंही उभे राहिलो.

"मॅडम, बसा ना."

"सर, आधी तुम्ही."

अखेर शिपाई चहा घेऊन आला, तेव्हा कुठे बसलो.

विषय त्यानंच ठरवला. कंपन्या लाखमोलाची सॉफ्टवेअरं आणतात, ती कर्मचारी कितपत स्वीकारतात, याचा अभ्यास. शीर्षक साडेतीन ओळींचं झालं आणि शेवटी 'रायगड जिल्ह्याच्या विशेष संदर्भात' असं आलं. "हे कशाला?" मी विचारलं. "मॅडम, ते नसलं तर विद्यापीठाची कमिटी विचारते की नाशिक का नाही घेतलं."

बेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली. प्रत्येकापुढे पाच चौकोन, पूर्ण असहमतपासून पूर्ण सहमतपर्यंत. ती घेऊन मी कामोठ्याहून उरणच्या बसनं द्रोणागिरीला गेले. तिथे बंदराच्या मालाची गोदामं रांगेनं उभी आहेत. ओळखीतून त्यातल्या एका मोठ्या गोदामात परवानगी मिळाली होती. गेटवरच्या खोपटात संगणकापुढे एक पंचावन्नच्या आसपासचे गृहस्थ बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रेलरची नोंद करणं हे त्यांचं काम. घरचं मिठागर होतं, ते संपादनात गेलं आणि बदल्यात ही खुर्ची मिळाली, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. मी त्यांना दादा म्हणू लागले. ड्रायव्हर आणि हमाल यांच्याकडून फॉर्म भरून घेण्याची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली.

"ठेवून जावा म्याडम. पुडच्या आयतवारी भरलेले गावतील."

आणि खरंच भरलेले मिळाले. एकही चौकोन रिकामा नाही. मी ते संगणकात भरले. अशा उत्तरांची विश्वासार्हता मोजायचा एक आकडा असतो, एकाच्या जितका जवळ तितका चांगला. माझा आकडा एकाला इतका चिकटला होता की गाइड खुर्चीतून उठला. "मॅडम, असा डेटा मी आयुष्यात बघितला नाही!"

मीही बघितला नव्हता, म्हणूनच मला शंका आली. फॉर्ममध्ये मुद्दाम दोन उलटसुलट प्रश्न घातले होते. एकात 'हे सॉफ्टवेअर वापरायला सोपं आहे' आणि दुसऱ्यात 'हे सॉफ्टवेअर वापरायला अवघड आहे'. दोन्हींना सगळे सहमत होते, कुणी नुसते, कुणी पूर्ण. मग मी मूळ कागद काढून बघितले. शाई निळी, काळी, हिरवी अशी वेगवेगळी होती, पण बरोबरच्या खुणेची शेपटी प्रत्येक कागदावर तशीच डावीकडे वळलेली.

पुढच्या रविवारी मी गेटवर गेले आणि कागद दादांपुढे ठेवले. "दादा, हे सगळे तुम्ही भरलेत?"

ते जराही ओशाळले नाहीत. "मंग काय करनार? डायव्हर लोकांना टाइम नाय. आनि तुमी येवड्या उनाच्या कामोठ्यावरशी आलेल्या. तुमाला रिकामं कसं पाठवायचं?"

"पण सगळीकडे सहमतच?"

"तुमाला बरं वाटावं म्हनून. पेनं पन तीन आनलेली."

माझी वर्षभराची मेहनत एका भल्या माणसाच्या पाहुणचारानं संपली होती. मला रडायला यायला हवं होतं, पण त्या तीन पेनांच्या कल्पनेनं हसूच आलं. तेही हसायला लागले. आपण नक्की काय केलंय हे त्यांना कळलं नव्हतं, पण मी रागावले नाही एवढं कळलं होतं.

गाइडला सांगितलं, तेव्हा तो मात्र हसला नाही. उठून दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, हे फक्त आपल्या दोघांना माहीत आहे. चॅप्टर चार तयार आहे. तुमचं वय, तुमचं प्रमोशन, सगळा विचार करा."

माझ्या तोंडून सर गेलं आणि तू आलं. "तुला मी नापास का केलं होतं, आठवतं?"

तो टेबलाकडे बघत राहिला. "आठवतं. प्रोग्राम न चालवता आउटपुट लिहिलं होतं."

"आणि ते अगदी बरोबर दिसत होतं."

त्यानं चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "मग आता काय करायचं?" त्या खोलीत पहिल्यांदाच त्यानं मला गाइडला शोभेल असा प्रश्न विचारला होता.

"तिथे जाऊन बसायचं," मी म्हणाले.

आणि मी बसले. पुढचं वर्षभर रविवार आणि सुट्ट्यांचे दिवस त्या खोपटात काढले. प्रश्नावली नाही, चौकोन नाहीत, फक्त एक प्लास्टिकची खुर्ची. पहिला महिनाभर दादा माझ्यासमोर अगदी नियमानुसार वागले. नंतर कंटाळले असावेत. एकदा ट्रेलर गेटवर येऊन थांबला, तरी त्यांनी संगणकाला हात लावला नाही. खणातून दोनशे पानी वही काढली, गाडीचा नंबर आणि वेळ लिहिली आणि वही परत आत ठेवली. तासाभरानं आत जागा झाली, तेव्हा कुठे त्यांनी गाडी संगणकात घेतली आणि दोन मिनिटांत आत सोडली.

"दादा, हे काय?"

त्यांनी सांगितलं ते असं. गाडी संगणकात घेतली की पाच मिनिटांत आत सोडायची, असा नियम. पाच मिनिटं उलटली की बेलापूरच्या हेड ऑफिसात स्क्रीनवर ती गाडी लाल होते आणि साहेबांचा फोन येतो. पण आत जागाच नसेल तर गाडी सोडणार कुठे? म्हणून गाडी आली की वहीत आणि जागा झाली की संगणकात. वरच्या लोकांना कायम सगळं हिरवं दिसायचं. त्यांच्या हिशेबी या गेटवर कुठलीच गाडी कधी थांबत नव्हती. आणि बाहेर रस्त्यावर नळाशिवाय, सावलीशिवाय, संडासाशिवाय ड्रायव्हर लोक तीन-तीन तास उभे होते. ड्रायव्हरांसाठी शेड आणि संडास मागितले, तर बेलापूरहून उत्तर आलं होतं की आमच्या माहितीनुसार तिथे कुणी थांबत नाही.

मी खुर्चीत सरळ बसले. सतरा वर्षं जे फळ्यावर लिहिता आलं नव्हतं, ते माझ्यासमोर दोनशे पानी वहीत होतं. सॉफ्टवेअर उत्तम चालत होतं. फक्त ते जे दाखवत होतं ते घडत नव्हतं, आणि घडत होतं ते वहीत होतं. इतकी मजा मला या पदवीत आधी कधी आली नव्हती.

अडचण एकच. हे लिहिलं तर दादा गोत्यात येणार. मी त्यांना तसं सांगितलं आणि म्हटलं, "प्रबंधात तुमचं नाव, कंपनीचं नाव, काही येणार नाही. तुम्हाला मी फक्त 'माहितीदाता क्रमांक तीन' म्हणेन."

त्यांचा चेहरा उतरला. "तीन? मंग एक कोन?"

"तुमचे मॅनेजर."

"त्याला काय म्हाइती हाय?"

हे खरंच होतं. पण क्रमांक मुलाखतीच्या तारखेनं पडले होते. सगळं समजावल्यावर ते म्हणाले, "लिवा. आमी तोंडानं किती येला सांगितला, कोनाला ऐकू आलं नाय. तुमी विंग्रजीत लिवलात तर दिसंल."

कमिटीपुढे गेले, तर पहिला प्रश्न, सॅम्पल साइज किती? एक गेट. दुसरा प्रश्न, मॉडेल कुठे आहे? मॉडेल म्हणजे चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण. माझ्याकडे नव्हते. घरी येऊन सहा चौकोन काढले आणि अकरा बाण. एक बाण चुकून उलटा गेला, त्यावर पुढच्या बैठकीत वीस मिनिटं चर्चा होऊन तो 'रोचक' ठरला. या सगळ्यात माझा गाइड मात्र ठाम राहिला. "मॅडमनी जे बघितलं ते लिहिलंय," तो प्रत्येक वेळी म्हणायचा. नापास केलेल्या मुलाकडून यापेक्षा जास्त मागणं बरं दिसलं नसतं.

शेवटची तोंडी परीक्षा सर्वांसाठी खुली असते. सहसा नवरा, बहीण आणि समोशांसाठी आलेले विद्यार्थी येतात. आमच्या प्राचार्यांना फोटोत उद्योगजगत हवं होतं, म्हणून त्यांनी माझ्या नकळत त्या गोदाम कंपनीच्या बेलापूरच्या साहेबांनाच बोलावून पहिल्या रांगेत बसवलं. मी हे बघून हादरले. आणि मग शेवटच्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले दादा दिसले. त्यांना तारीख मीच सांगितली होती, पण ते येतील असं वाटलं नव्हतं.

मी बोलले. 'एक मोठं गोदाम', 'एक कर्मचारी' असं जपून बोलले. बाहेरच्या परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले, त्यातला एक त्या उलट्या बाणाबद्दल. मग त्यांनी पद्धतीप्रमाणे सभागृहाला विचारलं, "कुणाला काही शंका?" हे विचारताना ते कागद गोळा करत होते, कारण कुणालाच कधी शंका नसते.

दादांनी हात वर केला. उभे राहिले.

"म्याडमनी लिवलंय ते खरं हाय. ती वही माजीच हाय. पन मना सांगा, हे बदलनार कवा?"

दोन प्रकरणं खर्चून मी ज्यांची ओळख लपवली होती, त्यांनी ती अर्ध्या मिनिटात उघडी केली. परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे, मग म्हणाले, "तो पुढील संशोधनाचा विषय होऊ शकेल." पहिल्या रांगेतले साहेब मागे वळले. "तुम्ही आपल्या द्रोणागिरीच्या गेटवरचे ना?"

"हो साहेब."

मला त्या क्षणी पदवी नको होती. दादांची नोकरी तेवढी राहायला हवी होती.

दादांचा फोन चार दिवसांनी आला. साहेब गेटवर आले होते. कुणाला न सांगता बाहेरच्या रांगेत, ट्रेलरच्या सावलीत दीड तास उभे राहिले. मग खोपटात येऊन त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, संडास कुठे आहे?

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"भिंतीमागं, म्हटलं. समदे तिकडंच जातात."

साहेब गेले, जाऊन आले आणि गाडीत बसले. दोन-अडीच महिन्यांत तिथे संडास आणि पत्र्याची शेड उभी राहिली. नळालाही पाणी असतं, बहुतेक दिवस. सॉफ्टवेअरही बदललं. आता गाडी आल्याची वेळही टाकावी लागते, त्यामुळे बेलापूरची स्क्रीन दिवसभर लाल असते आणि तिकडे कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं आहे. दादांची खुर्ची शाबूत आहे. मी डॉक्टर झाले. प्राचार्यांनी कमिटीच्या फॉर्ममध्ये एक आकडा वाढवला आणि त्याच बैठकीत माझ्या शेजारच्या मॅडमना रजिस्ट्रेशन करून टाकायला सांगितलं.

प्रबंधाची एक बांधलेली प्रत मी दादांना नेऊन दिली. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. त्यांनी हात पुसून ती घेतली. "आमचं पान कुठलं?"

मी त्यांच्या वहीवरून केलेला तक्ता उघडून दिला. इंग्रजी त्यांना येत नाही, पण गाड्यांचे नंबर आणि वेळा कळतात. ते बोट फिरवत एकेक ओळ वाचत गेले, आणि एका ठिकाणी बोट थांबलं.

"म्याडम, हा ट्रेलर सोमवारी नाय. मंगलवारी आलेला."

त्यांनी खणातून जुनी वही काढली. मंगळवारच होता. गाइड, कमिटी, तीन परीक्षक, कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं. मी त्यांच्याच पेनानं त्या प्रतीत सोमवार खोडून मंगळवार केलं. विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या प्रतीत अजून सोमवारच आहे.