सिस्टरने तीनदा विचारलं होतं

माझ्या तक्रारीत मी लिहिलं होतं, "सिस्टरने व्यसनाबद्दल काहीही विचारलं नाही." ते खोटं होतं. तिने तीनदा विचारलं.

जावई मोटारसायकलवरून पडले, मांडीचं हाड मोडलं. माढ्याहून आणून सोलापुरातल्या एका खासगी दवाखान्यात दाखल केलं. ऑपरेशनच्या आदल्या सकाळी सिस्टर फॉर्म घेऊन आली. मुलगी नवऱ्याच्या उशाशी उभी होती. तंबाखू, दारू विचारून झाल्यावर सिस्टर आम्हा दोघांना म्हणाली, "जरा बाहेर थांबा."

"का? मी सासरा हाय त्यांचा."

"म्हणूनच, काका."

ते मला झोंबलं. मी हललो नाही. मग तिने माझ्यासमोरच विचारलं, "गांजा, झोपेच्या गोळ्या, नशेचं काही घेता? पोलिसांना कळवत नाही. भूल देताना जिवाला धोका होतो, म्हणून विचारते."

जावयांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी उसळलो. "जावयाला असलं इचारतात व्हय? तुमच्या घरात चालत आसंल. लिहा, न्हाय म्हणून."

"मला त्यांच्या तोंडून हवंय."

दुपारी ती पुन्हा आली. मी उठलो नाही. संध्याकाळी आली तेव्हाही नाही. शेवटी जावई माझ्याकडे बघत "नाही" म्हणाले. तिने तेच लिहिलं.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी त्यांना थरथर सुटली, घाम फुटला, मग झटका आला. ते कॉटवरून पडले आणि बसवलेलं हाड सरकलं. मुलीने रडत डॉक्टरांना सांगितलं, ते रोज झोपेच्या पाच-सहा गोळ्या खायचे; दवाखान्यात आल्यापासून त्या एकदम बंद झाल्या होत्या. तिला सगळं माहीत होतं. माझ्यासमोर बोलायची सोय नव्हती.

पाहुण्यांत बोभाटा व्हायच्या आत दोष कुणाच्या तरी माथी मारायचा होता. त्याच दुपारी तक्रार दिली. फॉर्मवरचं "नाही" तिने न विचारता मनानेच लिहिलं, असं सांगितलं. सिस्टरला काढलं. जाताना तिने मला जिन्यात गाठलं. "काका, खरं सांगा की. विचारलं होतं ना मी?"

"साक्षीदार हाय का कोण?" मी म्हणालो. माझी मुलगी शेजारीच होती. तिने मान खाली घातली.

त्याला काही वर्षं झाली. जावई अजून लंगडतात. माझ्याशी बोलत नाहीत. परवा मी मुलीला म्हणालो, दवाखान्यात जाऊन खरं लिहून देतो.

"तिची नोकरी गेली तवा कुटं होता, आबा? आता मरताना हलकं वाटाय पायजे व्हय तुमाला?"

तरी गेलो. कार्यालयातल्या साहेबांनी माझा कागद वाचला आणि परत सरकवला. "आजोबा, ती बाई कुठं असते, आम्हाला ठाऊक नाही."

"ठेवून घ्या. पोच द्या."

"कशाची पोच?"

"मी खोटं बोललो, त्याची."