सुनंदाला भिणारी गाडी

आधी चहा संपवा, मग सांगतो. घोट तोंडात असताना हा किस्सा ऐकला तर ठसका लागतो, आणि त्याचं पाप माझ्या माथी नको. आधीचंच पुष्कळ आहे.

तर मी, सिहोऱ्याच्या शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवणारा माणूस. मी तीन रविवार आणि तांदळाचा एक कट्टा कामी लावून, शास्त्रीय पद्धतीनं असं सिद्ध केलं की माझी बायको बसली की आमची गाडी थरथरते. नुसतं सिद्ध करून थांबलो असतो तर निभावलं असतं. पण मी ते तिला सांगितलं.

गाडी म्हणजे जुनी, पांढरी, लहानशी. घेतली तेव्हाच कोणाची तरी वापरलेली होती. पण माझा तिच्यावर जीव आहे. आमची लेक याच गाडीवर गाडी चालवायला शिकली. तिला नागपूरला होस्टेलला सोडून परत येताना याच गाडीत मी एकटाच रडलो होतो, आणि ते या गाडीशिवाय कोणाला माहीत नाही. म्हणजे आजवर नव्हतं.

तिचं दुखणं मोठं चमत्कारिक. पन्नासपर्यंत एकदम गुणी. साठ-सत्तरच्या मध्ये एका स्पीडला धरली की स्टिअरिंग, सीट, दरवाजे, सगळ्यांना हुडहुडी. ऐंशीच्या पुढे काय होतं ते ठाऊक नाही, कारण तिथपर्यंत ती जातच नाही.

सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, घरची धानाची शेती बघते. मी फक्त सातबाऱ्यावर आहे. एकदा तिच्या माहेरी, बपेऱ्याला जाताना ती म्हणाली, "थांबवा. माहे दात वाजून राहिले."

"रस्ता खराब आहे," मी म्हणालो.

"रस्ता तं गुळगुळीत हाये. विकून टाका हे खटारं. माह्या भावाजवळ गिऱ्हाईक हाये."

मी म्हणालो, "पोळ्यापर्यंत थांब. दोष शोधून काढतो. नाहीच सापडला तर पोळ्याच्या संध्याकाळी तुझ्या भावाच्या हातात किल्ली देईन. शब्द आहे माझा."

शब्द देऊन बसलो. मग काय, शंभर पानी वही आणली. तारीख, स्पीड, थरथर किती, सगळे रकाने आखले. डॅशबोर्डवर स्टीलच्या ग्लासात अर्धं पाणी ठेवायचं आणि किती हिंदकळतं ते बघायचं. ग्लास धरायला सुनंदा. रोवणीचे दिवस होते, तिला एवढासुद्धा वेळ नव्हता, तरी बिचारी धरायची.

पहिल्या रविवारी तुमसरला इस्माईलभाईकडे निघालो. इस्माईलभाई चाकांचा माणूस. टायर, पंक्चर, व्हील बॅलन्सिंग, पंधरा वर्षं तेच. निघताना सुनंदाचा नेम ठरलेला, आधी शेतावर चक्कर. धानाच्या बांधीत पाणी किती, रोवणाऱ्या बाया किती आल्या, हे बघितल्याशिवाय ती कुठंच जात नाही. शेताकडे जाणाऱ्या पांधणीतल्या चिखलातून गाडी धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत नेली, परत वळवली, आणि हायवेला लागलो. साठला थरथर सुरू. ग्लासातलं पाणी सुनंदाच्या साडीवर.

तुमसरला उतरल्या उतरल्या ती म्हणाली, "मी बाजार करतो आन् यष्टीनं जातो. मले नाई यायचं हिच्यात."

इस्माईलभाईनं चारही चाकं काढली, मशीनवर चढवली, शिशाचे तुकडे लावले. बसवताना म्हणाला, "मास्तर, एक ध्यानात ठेवा. चाक साफ ठेवत जा. आतून..."

"समजलं, समजलं," मी म्हणालो.

हा माझा स्वभाव. वर्गात पोरांना रोज सांगतो की प्रश्न पूर्ण ऐका, मग हात वर करा. मी स्वतः मात्र वाक्याच्या अर्ध्यातच हात वर करतो.

ग्लास डॅशबोर्डवर रुमालात खोचून एकटा परत आलो. साठ, पासष्ट, सत्तर. ग्लासातलं पाणी हललं नाही. मी वहीत लिहिलं, 'दोष दूर.' आणि इस्माईलभाईचं ऐकून त्या दिवसापासून रोज सकाळी जुन्या लुंगीनं चाकांच्या कॅपा पुसायला लागलो. अशा चमकवल्या की वाकून मिशी कापावी.

दुसरा रविवार. सुनंदाला मोठ्या थाटात गाडीत बसवलं. शेतावर चक्कर मारली आणि हायवेला लागलो. साठला पुन्हा तीच हुडहुडी, ग्लास सरळ तिच्या मांडीवर उपडा. ती तुमसरला उतरली आणि यष्टीनं गेली.

"इस्माईलभाई, मागच्या वेळी काय केलं तुम्ही?"

"मास्तर, मीच तुमाले इचारतो. तुमी काय करता गाडीसंगं? मी सांगलं होतं ना, आतून..."

"रोज पुसतो हो. कॅपा बघा, आरसा आहेत. यावेळी टायर मागचे पुढे करा."

त्यानं कॅपांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि टायर बदलले. परतीला पुन्हा मी एकटा आणि गाडी पुन्हा शहाणी.

त्या संध्याकाळी मी वही उघडली आणि माझ्या अंगावर काटा आला. सुनंदा आहे, थरथर आहे. सुनंदा नाही, थरथर नाही. दोन्ही वेळा तसंच. विज्ञानात याला काय म्हणतात? पुरावा म्हणतात.

आता घाईनं निष्कर्ष काढणारा मी नाही. मनात आलं, वजनाचा प्रश्न असेल. डाव्या बाजूला भार आला की काहीतरी घासत असेल. म्हणून स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "तुझं वजन किती आहे गं?"

तिनं पोळी लाटता लाटता मान वळवली. "काहून? गाडी विकायची ठरली हाये, मी नाई."

अंदाजानं घ्यावं लागलं. तिसऱ्या रविवारीही जाताना शेत, सुनंदा आणि थरथर. येताना इस्माईलभाईकडून चाकं तपासून घेतली, राईस मिलमधून तांदळाचा कट्टा घेतला, सुनंदाच्या सीटवर बसवला आणि त्याला बेल्ट लावला. सिहोऱ्यापर्यंत सत्तरनं आलो. पाणी ढिम्म. गावात शिरताना दोघातिघांनी वाकून बघितलं की मास्तरनं कोणाला बसवून आणलं.

म्हणजे वजनाचा दोष नव्हता. मग उरलं काय?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वही घेऊन गाडीनंच चिखलातून धुऱ्यापर्यंत गेलो. सुनंदा धुऱ्यावर उभी होती, बांधीत बाया परे, म्हणजे धानाची रोपं, रोवत होत्या. मी रकाने दाखवत समजावून सांगितलं, "हे बघ, मी बसलो तर नाही. कट्टा बसला तर नाही. तू बसली की थरथरते. रागावू नको, हे मी नाही, वही म्हणते आहे."

मग भागरताबाई, रोवणीच्या बायांची म्होरकी, कंबर सरळ करून म्हणाली, "बराबर हाये मास्तर. गाडी बाईले भेते."

"घरात तं एक भेतेच," दुसरी म्हणाली. सगळ्या बांधीत असं हसू फुटलं की रोवणीच्या ओळी वाकड्या झाल्या. सुनंदा हसली नाही. तिनं वही मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "पोळा कवा हाये ते लिवलं का यात?"

ती गाडीत बसेनाशी झाली. शेतावर पायी, माहेरी यष्टीनं. गोष्ट गावभर झाली. शाळेत हेडमास्तर विचारायला लागले, "मॅडमना दुरून दाखवली तर काय करते?" मला खरं सांगायचं तर वाईट वाटत होतं. गाडी जाणार याचं होतंच, पण शेजारची सीट रिकामी बघून जास्त वाटायचं. तरी मी वही सोडली नाही. गाडी दारातच उभी ठेवून इंजिनखालचे रबर बदलले, सीटचे नट आवळले, काही म्हणजे काही ठेवलं नाही.

पोळा उजाडला. संध्याकाळी सुनंदाचा भाऊ गिऱ्हाईक घेऊन येणार होता. मी गाडी बोडीवर, म्हणजे गावच्या तळ्यावर नेली. जायचीच आहे तर न्हाऊनमाखून जाऊ दे, म्हटलं. तिथं सुनंदा आणि भागरताबाई आमची बैलजोडी धूत होत्या. सुनंदाचं बैल धुणं बघण्यासारखं असतं. पाठ, पोट, शिंगं, आणि शेवटी एकेक पाय उचलून खुराच्या फटीत बोट घालून चिखल काढते. चिखल राहिला तर बैल लंगडतो.

मी बॉनेटवर पाणी मारत होतो. ती हात निथळत आली. "इचे पाय धुतले का?"

"चाकं? रोज पुसतो. बघ, तोंड दिसेल."

"पुढून नाई म्हणत." ती खाली बसली आणि सवयीनंच चाकाच्या मागून आत हात घातला. मग दुसरा हात घातला, आणि ओढलं.

पायलीभर मातीचं ढेकूळ बाहेर आलं. शेतातल्या काळ्या गाळाचं, वाळून दगड झालेलं. एकाच बाजूला चिकटलेलं होतं. त्यात धानाचे चार परे उभे होते, आणि त्यातला एक हिरवा होता.

भागरताबाई म्हणाली, "मास्तरनं चाकात रोवणी केली वं बाई."

चारही चाकांतून ढेकळं निघाली. मी तिथूनच इस्माईलभाईला फोन लावला. तो म्हणाला, "मास्तर, मी तं दर रविवारी खराट्यानं काढत होतो. तेच सांगत होतो, का आतून चिखल भरते. तुमी पुरं बोलू देता का कोणाले?"

म्हणजे चाक तो साफ करायचा. ते भरायचं आम्ही शेतावर जायचो तेव्हा. आणि आम्ही म्हणजे सुनंदा आणि मी. कट्टा काही शेतावर गेला नव्हता.

दुपारी मी सुनंदाला हात जोडले. ती ग्लास घेऊन गाडीत बसली. बपेऱ्याच्या रस्त्यावर साठ, पासष्ट, सत्तर. तिच्या हातातलं पाणी हललं नाही. तिनंच भावाला फोन करून सांगितलं, "गिऱ्हाईक आणू नको. तू एकटाच जेवाले ये."

मी म्हणालो, "वही घे, निष्कर्ष लिही. मी चालवतो आहे."

"काय लिवू? माह्या मनानं..."

"समज..." म्हणालो आणि जीभ चावली.

तिनं माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं. घरी आल्यावर वही उघडली. चालत्या गाडीत लिहूनही अक्षर सरळ, एक काना हललेला नाही. लिहिलं होतं, 'चाकातला चिखल निघाला. कानातला बाकी हाये.'