गोड लागतंय का?

जुळे सोलापूर भागात नवं हॉटेल निघालं होतं. तिथं ताट नसतं, छोट्या छोट्या बशांतून दोन-चार घास येतात, ते सगळ्यांनी मिळून खायचे. आमच्या शाळेत चित्रकला शिकवणारी मैत्रीण म्हणाली, "तिला नेऊ या की तिथं."

ती म्हणजे आमची तिसरी, विज्ञान शिकवणारी. जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, पाठोपाठ रेडिएशन. चव हळूहळू येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. वर्ष उलटलं तरी आली नव्हती. तोंड सारखं कोरडं. भरलेलं ताट पुढं आलं की तिला रडू फुटायचं, म्हणून ती मिक्सरमधून काढलेला भात स्वयंपाकघरात उभ्यानेच पिऊन टाकायची. एके काळी स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या डब्यात हात घालणारी ही बाई.

ती आली. जड जिभेनं, पण हौसेनं बोलत होती. पहिल्या बशीत दही कबाब आले. तिनं नखाएवढा तुकडा तोंडात घातला, वर पाण्याचा घोट घेतला.

"कसं आहे?"

"मऊ आहे."

पनीर आलं. "गरम आहे." बिटाचं कटलेट आलं. "खरखरीत आहे गं." आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघत होतो. आमच्या बशा तशाच गार झाल्या.

शेवटी चित्रकलेच्या मैत्रिणीनं रबडी मागवली. "गोड चव आधी येते म्हणतात," ती म्हणाली. विज्ञानाच्या मैत्रिणीनं तिला दुरुस्त केलं नाही. चमचा तोंडात धरून बराच वेळ बसली.

"गोड लागतंय का?"

"लागतंय. थोडंसं."

चित्रकलेच्या मैत्रिणीनं तिचा हात घट्ट धरला. धरणारीचेच डोळे भरून आले होते. मलाही बरं वाटलं.

हात धुवायला विज्ञानाची मैत्रीण आणि मी बेसिनपाशी गेलो. तिथं ती आरशात बघत म्हणाली, "काही लागलं नाही. चिखल खाल्ल्यासारखं वाटलं. पण तिचं तोंड बघवेना मला."

मी नळ बंद केला.

"आता परत नका आणू मला," ती म्हणाली.

टेबलाशी आलो तर रबडीची दुसरी वाटी येऊन बसलेली. "तुझ्यासाठीच मागवली," चित्रकलेची मैत्रीण म्हणाली. विज्ञानाची मैत्रीण खुर्चीत बसली आणि घोट घोट पाणी घेत तिनं सगळी वाटी संपवली. मी बघत राहिले. थांबवलं नाही.

दिवाळीच्या आधी कॅन्सर परतला, तिच्या मानेत गाठ आली. आता तिच्या नाकात नळी आहे, बोलणं जवळजवळ बंद. मी अधूनमधून जाते, शाळेतलं काहीबाही सांगते. तिची सून चहा आणते. मी नको म्हणते. मैत्रीण हातानं खूण करते, घे. मग तिच्यासमोर बसून मी तो पिते. नजर कुठं ठेवावी कळत नाही.