डबल बेल आणि भैय्याजींचं पाकीट

लाखनी-भंडारा गाडीवर इश्वर कापगते चौदा वर्षं कंडक्टर होता, आणि तिकिटं फाडावी तितक्याच इमानाने चौदा वर्षं भैय्याजींची पाकिटं वाहत होता. भैय्याजी म्हणजे भंडाऱ्याच्या एका दैनिकाचे लाखनीचे वार्ताहर. सकाळी स्टँडवर येऊन ते बातम्यांचं पाकीट इश्वरच्या हातात ठेवायचे, इश्वर ते भंडाऱ्याला पेपरच्या माणसाकडे पोचतं करायचा. पाकिटाला कधी डिंक असे, कधी नसे. इश्वरने एकदाही आत डोकावून पाहिलं नाही. दुसऱ्याचं पाकीट वाचणं त्याला दुसऱ्याच्या ताटातलं खाण्यासारखं वाटे.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला तेव्हा जिल्हा निम्मा उरला होता. भैय्याजींचा रुबाब मात्र अख्खाच राहिला. कधी स्वतः भंडाऱ्याला निघाले, तर गाडीत 'पत्रकार' असं रंगवलेल्या सीटवर ते असे बसत, की जणू गाडी नंतर त्या सीटभोवती बांधली असावी.

२००८ साली, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत, गाडी लावणीला निघालेल्या बायांनी भरली होती. लाखनीच्या स्टँडवर भैय्याजी समोसा खायला उतरले. इश्वरने पाच मिनिटं वाट पाहिली. दुसरा समोसा कढईतून निघताना दिसला, तशी त्याने दोरी ओढून डबल बेल दिली. गाडी गेली, भैय्याजी चटणीसकट मागे राहिले.

दुसऱ्या दिवशी भैय्याजी हसतमुखाने आले, पाकीट दिलं, वर इश्वरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, जपून नेजो बरं. इश्वरने जपून नेलं. तिसऱ्या दिवशी पेपरात आलं: 'उर्मट कंडक्टर कापगतेमुळे प्रवासी त्रस्त'.

त्याची बायको बेबीबाई हिने बातमी दोनदा वाचली. "तुमच्यावरच लिहिलं, अन् तुम्हीच नेऊन देलं?" एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. आतून बराच वेळ भांडी हसल्यासारखी वाजत होती.

आगारात खुलासा लिहून द्यावा लागला. गाडीत लोक "उर्मटभाऊ, एक भंडारा द्या" म्हणू लागले. चौदा वर्षांत कमावलेलं नाव दोन समोशांत गेलं. भैय्याजींना त्यांच्याच धंद्यात मारायचं, असं इश्वरने ठरवलं.

हायवेवर मनिषचं सायबर कॅफे होतं. इश्वरने त्याला विचारलं, पेपर काढायला काय लागते? मनिष म्हणाला, पेपर राहू द्या, साइट काढू. त्याने फुकटात एक साइट उघडून दिली आणि तिला एक लांबलचक, वाकडातिकडा मेलचा पत्ता जोडला. इश्वरने कॅमेऱ्याचा मोबाइल घेतला. फोटो काढायचा, खाली इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं आणि त्या पत्त्यावर सोडायचं, की बातमी आपोआप साइटवर चढायची. साइटचं नाव इश्वरने ठेवलं 'डबल बेल'.

"भाऊ, मेल कोणाची हाये हे साइट विचारत नाही," मनिषने बजावलं. "हा पत्ता म्हंजे घराची किल्ली. कोणाले दाखवू नका."

पण कंडक्टरला लक्षात ठेवायच्या सगळ्या गोष्टी एकाच जागी राहतात: तिकीटपेटीच्या झाकणाच्या आत. आगाराचा फोन, टप्प्यांची यादी, मेव्हण्याच्या लग्नाची तारीख. तिथेच, ठळक अक्षरांत, किल्लीही लिहिली गेली.

मग मात्र मजा सुरू झाली. कुठे ट्रक उलटला, कुठे तलावाची पाळ फुटली, इश्वर थांब्यावर उतरून फोटो काढी. मनिष साइटचं पान छापून समोशाच्या टपरीवर चिकटवी. टपरी मुद्दामच निवडली होती. भैय्याजींची बातमी दुसऱ्या दिवशी यायची तेव्हा लोक म्हणायचे, हे तं कालच वाचलं. भैय्याजी सुकत चालले. आणि रोज सकाळी इश्वर त्यांचं शिळं पाकीट अदबीने घेई आणि पोचतं करी. त्यातला आनंद त्याने बेबीबाईलाही पुरता सांगितला नाही.

पण 'पत्रकार' सीटच्या अगदी समोर ते झाकण उघडत असे. भैय्याजींनी तो पत्ता टिपून घेतला, आणि फोटोसाठी मोबाइल त्यांनाही पेपरने दिला होता. एका दुपारी मनिषने न पाहताच टपरीवर चिकटवलेल्या पानावर फोटो झळकला: इश्वर मोबाइलवर वाकलेला, शेजारी एक म्हातारी गाठोडं घेऊन ताटकळत उभी. खाली ओळ: 'कंडक्टर मोबाइलमध्ये, प्रवासी उभे'. बदनामी पुन्हा इश्वरच्याच हातून पोचती झाली होती, यावेळी त्याच्याच घरात.

मनिष घाबरून म्हणाला, उडवून टाकतो. इश्वर फोटोकडे बघत राहिला. म्हातारी खरी होती, गाठोडंही खरं होतं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू भैय्याजींचं ते जुनं हसू उतरलं.

"उडवू नको. खाली एक ओळ टाक: आमचे लाखनीचे वार्ताहर भैय्याजी यांजकडून."

ते पान छापून घेऊन इश्वरने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं पाकीट तयार केलं, वर संपादकांचं नाव घातलं आणि भैय्याजींच्या पाकिटासोबत भंडाऱ्याला पोचतं केलं.

चौथ्या दिवशी भैय्याजी स्टँडवर आले ते समोशाकडे न पाहता. संपादकांनी विचारलं होतं, तिकडे ताजी अन् आमच्याकडे शिळी, हे कधीपासून? त्यांचा आवाज उतरला होता. "इश्वर, थे ओळ काढून टाक ना बाप्पा."

"भैय्याजी, तुमची बातमी म्या आजवर कधी अडवली काय?"

भैय्याजी सीटवर बसले, मांडीवर कागद घेऊन साकोली नाक्यावरच्या म्हशीसारखे बराच वेळ घुटमळले, मग काहीतरी लिहिलं. उघडं पाकीट पुढे करून म्हणाले, वाचून घे. इश्वरने वाचलं नाही. जीभ लावून चिकटवलं आणि पेटीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी होत्या. कंडक्टर कापगते कर्तव्यदक्ष असून आधीचे वृत्त गैरसमजातून आले होते. बेबीबाईने त्या कापून देवाच्या फोटोखाली चिकटवल्या.

साइटवरची ओळ मात्र तशीच होती. भैय्याजींनी महिनाभर वाट पाहून विचारलं, आता काहून ठेवली? इश्वरने तिकीट फाडता फाडता सांगितलं, "वार्ताहराले असं एका दिवसात काढता येत नाही, भैय्याजी. बातम्या पाठवत जा, पाहू." आणि दोरी ओढून डबल बेल दिली.