शेवटच्या पंगतीतला रिसीव्हर

२८ ऑक्टोबर २००७. या दिवशी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर न्यूयॉर्क जायंट्स या संघाने मायामी डॉल्फिन्सला १३–१० असे हरवले. अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगचा नियमित हंगामातला सामना उत्तर अमेरिकेबाहेर खेळला जाण्याची ती पहिलीच वेळ. एवढे कोणत्याही वृत्तपत्राच्या संग्रहात तपासता येते. यापुढचे तसे तपासता येत नाही. ते चार माणसांच्या आठवणींवर उभे आहे, आणि त्या आठवणी काही ठिकाणी एकमेकींशी जुळत नाहीत.

त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या मागच्या रांगेत हरीश सबनीस बसले होते. मूळचे मिरजेचे, पस्तीस वर्षे वॉटफर्डचे. खाली दिव्यांच्या झोतात पाऊस इतका बारीक पडत होता की तो पडतो आहे की नुसता तरंगतो आहे, हे कळत नव्हते. शेजारी बसलेला त्यांचा तरुण मित्र सुयश सांगतो की काकांचे लक्ष मैदानावर नव्हते. त्यांचा हात कोटाच्या खिशातल्या मोबाइलवर होता. त्या फोनवरून लीड्सला राहणाऱ्या मुलीशी, निवेदिताशी, त्यांना एक गोष्ट बोलायची होती. ती बोलण्याचे निमित्त त्या संध्याकाळी संपणार होते.

हे निमित्त समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. सबनीस १९७२ साली वॉटफर्डच्या एका छापखान्यात प्लेटा बनवण्याच्या कामावर लागले. दहा वर्षांनी चॅनल फोर सुरू झाले आणि त्यावर रविवारी हा अमेरिकन खेळ दिसू लागला. लांबट चेंडू, शिरस्त्राणे, आणि दूरवर फेकलेला चेंडू झेलायला धावणारा तो एकटा गडी, रिसीव्हर. सबनीस शाळेत खो-खो खेळलेले. सरळ धावता धावता अचानक अंग मोडून दुसरीकडे निसटणारा तो रिसीव्हर पाहून, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, ‘मिरजेचं मैदान टीव्हीत शिरलं’. स्वयंपाकघरात त्यांनी दोन घड्याळे लावली, एक इथल्या वेळेचे आणि एक न्यूयॉर्कचे. त्यांच्या पत्नी वीणाबाई दुसऱ्या घड्याळाला ‘सवत’ म्हणत.

पुढे काही इंग्लिश, आयरिश आणि जमैकन मित्रांनी तिथे एक हौशी संघ काढला, त्यात सबनीसही गेले. तेव्हा ते पस्तिशीचे होते. कपडे बदलण्याच्या खोलीच्या दारावर प्रत्येक जागेसाठी कोण पहिला, कोण दुसरा, कोण तिसरा असा तक्ता लागे. त्याला डेप्थ चार्ट म्हणतात. रिसीव्हरांच्या रकान्यात सबनीसांचे नाव तळाशी असे. वीणाबाईंनी तो तक्ता एकदा वाचला आणि विचारले, “म्हणजे तुम्ही शेवटच्या पंगतीला?” हा शब्द पुढे वॉटफर्डच्या महाराष्ट्र मंडळात रूढ झाला. पहिल्या पंगतीच्या रिसीव्हरकडे चेंडू गरमागरम येतो. शेवटच्या पंगतीला भांड्याच्या तळाशी उरेल ते.

सबनीस सांगतात की १९८६च्या शेवटच्या सामन्यात पहिल्या पंगतीचे सगळे जायबंदी झाले, त्यांना आत पाठवले गेले, आणि पावसातून, धुक्यातून आलेला एक चेंडू त्यांनी झेलला. वीणाबाई म्हणत, “मी तेव्हा थर्मास उघडत होते.” सहा वर्षांची निवेदिता छत्रीखाली उभी होती. त्या हंगामातले स्थानिक साप्ताहिकाचे अंक चाळले असता या संघाचे दोन-तीन निकाल सापडतात, खेळाडूंची नावे सापडत नाहीत. संघ मोडला. तक्ते कुणी जपले नाहीत.

वीणाबाई २००५च्या वसंतात गेल्या. भांडण कोणाचे कोणाशी नव्हते. पण घरातला फोन नेहमी वीणाबाईच उचलत, आणि बाप-लेकीचे एकमेकांना निरोप त्यांच्यामार्फत जात. त्या गेल्यावर निरोप पोहोचवणारे कोणी उरले नाही. निवेदिता लीड्सच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे विभागात नोकरी करत होती. दिवाळीला ती ड्यूटी घेऊ लागली. रविवारी फोन व्हायचा, “बरी आहेस?” “बरी आहे. तुम्ही?” “बरा आहे.” मग दोघेही तारेतली खरखर ऐकत बसायचे.

ही खरखर थांबली ती सुयशमुळे. सुयश पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेला. त्याने मंडळातल्या काही जणांची फँटसी लीग सुरू केली. प्रत्येकाने खरे खेळाडू निवडून आपला कागदी संघ करायचा. रविवारी ते खेळाडू अमेरिकेत जे करतील त्याचे गुण इथे मिळायचे. खेळाडूंची अदलाबदल करता येई, पण ती बाकीच्यांना मान्य व्हावी लागे. ऑफिसातल्या गोऱ्या सहकाऱ्यांना पत्ता लागू नये म्हणून खेळाडूंना मराठी टोपणनावे दिली होती, इथेही तीच वापरली आहेत. निवेदितानेही लीड्सहून संघ घेतला. सबनीसांकडे ताडमाड होता, लीगमधला सर्वांत मोलाचा रिसीव्हर. निवेदिताला तो हवा होता. बदल्यात ती सांडगा देत होती. हा तिसऱ्या पंगतीतला, अडीअडचणीला तळून खायचा.

सप्टेंबरपासून दर रविवारी या सौद्यावर बोलणे चाले. सांडग्याच्या गुडघ्यापासून सुरुवात होई, मग लीड्सचा पाऊस, तिच्याकडे एक्स-रेला येणारी एक हट्टी म्हातारी, सबनीसांनी करपवलेली आमटी. सबनीस कधी हो म्हणत नसत, कधी नाही म्हणत नसत. कारण त्यांनी स्वतः नंतर सांगितले, “सौदा झाला असता तर तिने फोन कशाला केला असता?”

पण लीगच्या नियमाप्रमाणे अठ्ठावीस ऑक्टोबरला अमेरिकेतले दुपारचे सामने सुरू झाले की वर्षभराच्या अदलाबदली बंद होणार होत्या. सबनीसांनी ठरवले, अगदी शेवटी ताडमाड तिला देऊन टाकायचा, आणि त्या आनंदाच्या आडून विचारायचे, दिवाळीला येशील का?

आदल्या संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये कोजागरी होती. खरी पौर्णिमा दोन दिवसांपूर्वी होऊन गेलेली. मंडळाची कोजागरी सोयीच्या शनिवारी. खिडकीत चंद्र जरा झिजलेला होता. पातेल्यातले दूध हलले की तो दुधात मोडे आणि पुन्हा जुळे. मंडळाचे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या आणि लीगमध्ये स्वतःचा संघ असलेल्या अलकाताई दुधात डाव फिरवत होत्या.

“हरीशकाका, ताडमाड म्हातारा झाला आता,” सुयश म्हणाला. “गुडघा बघा त्याचा. आत्ताच विका, नंतर कोणी पत्रावळीसकट घेणार नाही.”

“गेल्या रविवारी त्या म्हाताऱ्याने दोन टचडाउन केले. तुझ्या तरण्याबांड गड्याने काय केलं? बॉल सोडला आणि पंचाकडे तोंड करून हात पसरले.”

“अहो, त्याला ढकललं होतं! क्लिअर पेनल्टी होती!”

“खो-खोत आम्हाला रोज ढकलायचे. आम्ही माती झटकायचो.”

“ते राहू दे,” अलकाताई डाव न थांबवता म्हणाल्या. “सबनीस, मी ऐकते ते खरं का? लेकीला ताडमाड देणार आणि सांडगा घेणार?”

“विचार चाललाय.”

“सप्टेंबरपासून चाललाय! एवढ्या वेळात लग्नं ठरतात माणसांची. आणि जुने लोक लेकीकडचं पाणीसुद्धा घेत नसत. तुम्ही सांडगा घेताय!”

“लेकीचं लग्न झाल्यावर, अलकाताई. अजून पाणी चालतं.”

सगळे हसले. सुयश म्हणाला, “मी विरोधात मत देणार. हा ट्रेड नाही, हा आहेर आहे.”

इथे आठवणींचे दोन रस्ते होतात. सुयश सांगतो की त्यानंतर लगेच त्याने सर्वांना मोठ्याने बजावले: आज रात्री आपली घड्याळे एक तास मागे जातील, पण अमेरिकेची या वर्षीपासून एक आठवडा उशिरा जाणार आहेत, तेव्हा उद्या त्यांचे सामने आपल्याकडे सहाला नाही, पाचलाच सुरू होतील. हेच त्याने शुक्रवारी ई-मेलनेही कळवले होते. अलकाताई म्हणतात, तो काहीतरी बोलत होता खरा, पण नेमके तेव्हा दूध उतू गेले आणि सगळे शेगडीकडे धावले. कुणी काही ऐकले असेल असे त्यांना वाटत नाही.

एवढे खरे, की तोवर दोन्ही देशांची घड्याळे शरद ऋतूत एकाच रविवारी बदलत, आणि सबनीस दोन्ही काटे एका दमात मागे फिरवत. त्या रात्रीही त्यांनी तसेच केले, असे ते सांगतात. वीणाबाईंची ती सवत, न्यूयॉर्कचे घड्याळ, त्यामुळे एक तास मागे पडले. वेम्बलीचा सामना पाचचा होता हे तिकिटावर छापलेले होते. अमेरिकेतले मात्र नेहमीसारखे सहाला, अशा हिशेबाने ते निश्चिंत होते.

वेम्बलीवर खेळ सुरू होऊन बराच वेळ झाला, हिरवळ उखडून काळी पडली, तेव्हा सबनीस उठून बाहेर जिन्यापाशी गेले. पुढचा संवाद दोघांनी वेगवेगळा सांगितला आणि तो बहुतांशी जुळतो.

“निवू, जेवलीस?”

“बाबा, साडेपाच वाजलेत. कोण जेवतो आता?”

“बरं. ऐक, माझं ठरलं. ताडमाड तुझा.”

पलीकडे कीबोर्डच्या कळा दाबल्याचा आवाज आला, मग थांबला.

“बाबा, इट्स लॉक्ड.”

“असं कसं? सहाला बंद होतं.”

“अमेरिकेचा घड्याळ नाही बदलला अजून. ते लोक नेक्स्ट वीक करतात. त्यांचा एक म्हणजे आज आपला पाच.”

“म्हणजे राहिलं.”

“हो. राहिलं.”

फोन कोणीच ठेवला नाही. आतून हजारो माणसांचा आवाज एकदम उठला आणि विरला.

“काय झालं?”

“दिसत नाही मला. कोणीतरी घसरलं असेल.”

“मग आत जा ना, बाबा. मॅच बघा. पंचवीस वर्षं वाट बघितली तुम्ही.”

सबनीस गेले नाहीत. आता हातात ताडमाड नव्हता, सांडगाही नव्हता. ते म्हणाले, “दिवाळीला येशील? ड्यूटी असेल तर राहू दे.”

“ड्यूटी आहे. मी मागून घेतलीय. त्या घरात दिवाळीला आई नसते. मला नाही जमत ते.”

“मलाही नाही जमत.”

हे त्यांनी आधी कधी उच्चारले नव्हते, असे निवेदिता सांगते.

“मग तुम्ही काय करता?”

“मंडळात वाढतो. शेवटच्या पंगतीला बसतो. घरी येऊन टेपवरची जुनी मॅच लावतो.”

“कुठली?”

“कुठलीही.”

ती हसली की रडली, हे सबनीसांना कळले नाही. मग ती म्हणाली, “माझ्याबरोबर एक शिल्पा आहे. तिला क्रिसमसची सुट्टी हवीय. माझी देते तिला, तिची दिवाळी घेते.”

“क्रिसमस देऊन दिवाळी? हॉस्पिटलात महाग सौदा आहे तो.”

“तुमच्या ताडमाड-सांडगासारखा. आणि हा कोणी व्हेटो नाही करणार.”

शेवटी तिने विचारले, “तिकडे पाऊस आहे?”

“आहे. बारीक.”

“तेव्हापण होता. तुम्ही पकडलात तेव्हा.”

सुयश सबनीसांना शोधत आला तेव्हा मध्यंतर झाले होते. ते भिंतीला टेकून, फोन कानाला लावून, जिन्याच्या तोंडातून दिसणाऱ्या प्रकाशाच्या चौकोनाकडे पाहत होते. त्या चौकोनात मैदान नव्हते, नुसता तरंगता पाऊस होता.

निवेदिता त्या दिवाळीला आली. अलकाताईंनी बाप-लेकीला मंडळाच्या फराळाला शेवटच्या पंगतीत शेजारी शेजारी बसलेले पाहिले, आणि “आता काय, पहिल्या पंगतीत जागा नव्हती का?” असे म्हणून दोघांच्या पानात उरलेल्या सगळ्या करंज्या घातल्या. अदलाबदली बंद होत्या, तरी रविवारचे फोन त्यानंतरही येत राहिले.

१९८६च्या त्या सामन्यात हरीश सबनीसांनी चेंडू झेलला की नाही, याचा पुरावा मिळालेला नाही. निवेदिताला नंतर विचारले तेव्हा तिने सांगितले की तिला छत्रीच्या काड्या आठवतात, चहाचा वास आठवतो. चेंडू आठवतो असे ती खात्रीने म्हणू शकत नाही. फोनवर तिने जे म्हटले ती आठवण होती की वडिलांना दिलेली भेट, हे तिने सांगितले नाही.

आणि सुयशचा शुक्रवारचा ई-मेल इतर सर्वांना मिळाला होता. सबनीसांना विचारले तर ते म्हणतात, “दूध उतू गेलं होतं ना.” ई-मेलबद्दल ते काहीच बोलत नाहीत. तो त्यांनी वाचला होता की नाही, हे माहीत नाही.